सड्यावरचा दगड आणि जर्मनचं पातेलं

गेल्या उन्हाळ्यात माती परीक्षणाच्या शिबिरासाठी सड्याखालच्या एका गावात गेलो होतो. नमुना कसा घ्यायचा, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा कसा काढायचा हे सगळं सांगून झालं. चहा आला. तेवढ्यात मागं बसलेले एक आजोबा म्हणाले, "साहेब, आमच्या रानातली माती तपासताय ते बेस झालं. पण ती सड्यावरची तांबडी माती डंपर भरभरून नेत्यात, तिच्यात असं काय हाय? तिच्यात नाचणी बी धड येत न्हाई."

मी सांगितलं, ती साधी माती नाही, बॉक्साईट आहे, त्यापासून अ‍ॅल्युमिनियम होतं. आजोबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी आमच्या घरातलं जर्मनचं पातेलं?"

"होय, तेच."

"मग पातेलं पाचशेला आन् डोंगर फुकट?"

मंडळी हसली. मी पण हसलो, कारण त्या वेळी माझ्याकडं उत्तर नव्हतं. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतल्या कित्येक गावांच्या माथ्यावर हा दगड आहे. खाणी, जनसुनावणी, इको सेन्सिटिव्ह झोन यावरून गावागावांत दोन तट पडलेले आपण पाहतो. पण हा दगड आहे काय आणि त्याचं मोल नेमकं कुठं तयार होतं, हे कोणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख. मी सरकारी नोकर आहे. खाण हवी की नको, ते गावानं ठरवायचं. मी फक्त हिशेब मांडतो.

पावसानं केलेला दगड

अ‍ॅल्युमिनियम ही दुर्मिळ चीज नाही. पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे. धातूंमध्ये सर्वांत जास्त तेच, लोखंडाचा नंबर त्याच्यामागं. आपल्या काळ्या रानात ते आहे, कुंभाराच्या चिखलात आहे. शेतकऱ्याशी त्याची गाठ पडते ती आम्लधर्मी जमिनीत. सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं, मुळांची टोकं आखडतात, टाकलेला स्फुरद अडकून बसतो. जास्त पावसाच्या पट्ट्यात आम्ही चुना टाका, चुना टाका म्हणून घसा कोरडा करतो, त्याचं एक कारण हेच.

सड्यावरचा बॉक्साईट पावसानंच केला आहे. खाली आपला नेहमीचा काळा कातळ, बेसाल्ट. लाखो वर्षं त्याच्यावर पाऊस कोसळत राहिला. आधी चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन गेलं, मागाहून सिलिकाही गेली. पाण्याला दाद न देणारे दोनच गडी मागं राहिले, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोह जास्त राहिलं तो जांभा, अ‍ॅल्युमिनियम जास्त राहिलं तो बॉक्साईट. आजोबांची नाचणी तिथं का येत नाही, त्याचं उत्तर यातच आलं. पिकाचं खाणं पावसानं केव्हाच नदीला पोचवलं.

मग हा धातू माणसाला इतका उशिरा का सापडला? तांबं, लोखंड हजारो वर्षांपासून वापरात आहे, अ‍ॅल्युमिनियमला जेमतेम दोनशे वर्षं झाली. कारण ते ऑक्सिजनला असं घट्ट धरून बसतं की लोखंडासारखं कोळशाच्या भट्टीत घालून सुटत नाही. माणूस त्याला वापरत मात्र होता, न ओळखता. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवायची पद्धत आपल्या घराघरांत होती. ती तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार. रंगारी लोक कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तीच वापरत. लॅटिन भाषेत तुरटीला अ‍ॅल्युमेन म्हणतात. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०८ मध्ये तुरटीत धातू असणार असं ओळखून त्याला नाव देऊन टाकलं, पण धातू काही त्याच्या हाती लागला नाही. बारसं आधी आणि बाळ मागनं, असा हा प्रकार.

बाळ आलं १८२५ मध्ये, डेन्मार्कमध्ये. ओर्स्टेड या शास्त्रज्ञानं कोपनहेगनला कथलासारखा दिसणारा एक बारका गोळा काढून दाखवला. जर्मनीतल्या व्होलरनं १८२७ मध्ये पोटॅशियम वापरून करड्या रंगाची भुकटी काढली, आणि मग पुढची अठरा वर्षं खपून १८४५ मध्ये टाचणीच्या माथ्याएवढे मणी मिळवले. एवढ्यावर त्यानं ताडलं की हा धातू विलक्षण हलका आहे. (आपल्याकडं "जर्मनचं भांडं" म्हणतात ते या व्होलरमुळं नव्हे. ते नाव जर्मन सिल्व्हरवरून चिकटलं, आणि गंमत म्हणजे त्या जर्मन सिल्व्हरमध्ये अ‍ॅल्युमिनियम नसतंच.)

फ्रान्समध्ये १८५४ मध्ये देव्हिलनं महागड्या पोटॅशियमऐवजी सोडियम वापरलं आणि कांड्या पाडण्याइतका धातू निघाला. सम्राट तिसऱ्या नेपोलियननं त्याला पैसा पुरवला. सैन्याला हलकं सामान मिळेल असा त्याचा हिशेब होता. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात या कांड्या लोकांना बघायला ठेवल्या होत्या. बादशहाच्या पंगतीत खास पाहुण्यांना अ‍ॅल्युमिनियमचे चमचे आणि बाकीच्यांना सोन्याचे, अशी गोष्ट सांगतात. अमेरिकेत १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवायला अ‍ॅल्युमिनियमचा १०० औंसांचा, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपासचा, सुळका ओतला. बसवण्याआधी तो न्यूयॉर्कच्या एका नामांकित जवाहिऱ्याच्या दुकानात मांडून ठेवला होता, कारण तेव्हा या धातूचा भाव चांदीच्या जवळपास होता.

आता इथं जरा थांबा. दगड तेव्हाही इतकाच होता. १८२१ मध्ये बर्थिए नावाच्या फ्रेंच माणसानं दक्षिण फ्रान्समधल्या ले बो गावाजवळ हा तांबडा दगड तपासला होता आणि त्या गावावरूनच बॉक्साईट हे नाव पडलं. डोंगरच्या डोंगर पडून होते आणि धातू चांदीच्या भावानं विकला जात होता. महाग होती ती धातू सोडवून घेण्याची विद्या. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं हिशेबात लागणार आहे.

लाकडाच्या खोपीतला शोध

अमेरिकेत ओहायो राज्यात ओबर्लिन नावाचं गाव आहे. तिथं चार्ल्स हॉल हा २२ वर्षांचा पोरगा घरामागच्या लाकूड ठेवायच्या खोपीत प्रयोग करत होता. कॉलेजातल्या प्राध्यापक ज्युएट यांनी त्याच्या मनात हे खूळ भरवलं होतं. हाताशी घरी जोडलेल्या बॅटऱ्या, आणि चर्चा करायला थोरली बहीण ज्युलिया. तीही त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. अडचण अशी होती की अ‍ॅल्युमिनियमचं शुद्ध ऑक्साईड, म्हणजे अ‍ॅल्युमिना, वितळवायला २००० अंशांच्या वर उष्णता लागते. हॉलनं ते क्रायोलाईट नावाच्या खनिजात विरघळवलं, जसा आपण साखरेचा पाक करतो. ते काम हजार अंशांच्या आत झालं. मग त्या तापल्या रसातून वीज सोडली. २३ फेब्रुवारी १८८६ ला भांड्याच्या तळाशी चंदेरी गोळ्या मिळाल्या.

त्याच साली फ्रान्समध्ये पॉल एरू यानं हाच मार्ग शोधला. तोही त्याच वयाचा, वडिलांच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यात प्रयोग करणारा. दोघांची ओळख नाही, पत्रव्यवहार नाही. दोघंही १८६३ मध्ये जन्मले आणि १९१४ मध्ये वारले. एरूनं फ्रान्सचं पेटंट एप्रिलमध्ये घेतलं आणि अमेरिकेतही हॉलच्या आधी अर्ज टाकला. तरी अमेरिकेतलं पेटंट हॉलला मिळालं. का? २३ फेब्रुवारीला काम फत्ते झाल्याचा त्याच्याकडं पुरावा होता. त्यानं भावाला पत्रं लिहिली होती, आणि बहिणीनं दिवसवार साक्ष दिली. ज्याची नोंद, त्याचा शोध.

राहिलं होतं दगडातून शुद्ध अ‍ॅल्युमिना काढायचं काम. ते बायर या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञानं १८८७-८८ च्या सुमारास रशियात सेंट पीटर्सबर्गला केलं, आणि तेही धातूसाठी नव्हे, कापड रंगवण्याच्या धंद्यासाठी! दोन्ही कड्या जुळल्या आणि भाव कोसळला. अमेरिकेत १८८८ मध्ये पौंडाला ४ डॉलर ८६ सेंट असलेला दर १८९३ मध्ये ७८ सेंटवर आला. दागिन्याचा धातू पातेल्याचा झाला, पुढं विजेच्या तारेचा झाला. आपल्या एजी लाईनच्या पोलावरून गेलेली तार अ‍ॅल्युमिनियमचीच आहे. (ती चोरीला का जाते, तर भंगारातून हा धातू परत वितळवायला मूळच्या मानानं सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. त्यामुळं त्याला भंगारातही भाव मिळतो.)

कारखान्यात दगडाचं काय होतं, ते ऊसवाल्याला चटकन कळेल. बॉक्साईट म्हणजे ऊस समजा. तो दळून कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात दाबाखाली शिजवतात. अ‍ॅल्युमिनियमचा भाग सोड्यात विरघळतो. लोह आणि बाकीचा गाळ खाली बसतो, ती लाल मळी. वरचं निवळ पाणी थंड करून त्यात थोडं बियाणं टाकतात, जसं साखरेच्या दाण्याला दाणा धरतो तसा पांढरा दाणा धरतो. तो भाजला की अ‍ॅल्युमिना. हे काम बेळगावच्या कारखान्यात होतं. पूर्वी तो इंडालचा म्हणून ओळखला जायचा, पुढं हिंडाल्कोकडं गेला. आपल्या सड्यांवरचा माल वर्षानुवर्षं तिकडंच गेला आहे. अ‍ॅल्युमिन्यापासून धातू काढायचा तर तो हॉल-एरूचा विजेचा हौद लागतो.

उतारा ढोबळ असा : ४ ते ५ टन बॉक्साईट, त्याचा २ टन अ‍ॅल्युमिना, त्याचा १ टन धातू. आणि त्या एका टनासाठी फक्त हौदात सुमारे १४ हजार युनिट वीज. पाच एचपीची मोटर रोज आठ तास चालवली तर साधारण ३० युनिट जळतात. म्हणजे एक टन अ‍ॅल्युमिनियमच्या विजेवर तुमची मोटर एकही दिवस खाडा न करता सव्वा वर्ष चालेल. म्हणूनच हे कारखाने खाणीपेक्षा विजेच्या बाजूला जाऊन बसतात. रेणुकूटचा कारखाना १९६२ मध्ये रिहंद धरणाच्या शेजारी उभा राहिला तो यासाठीच.

आजोबांचा हिशेब

आता मूळ प्रश्न. डोंगर फुकट जातो का? फुकट नाही, पण जवळपास.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीखालचं खनिज सरकारचं. सातबारा तुमचा असला तरी तुम्हाला मिळते ती वरच्या जमिनीची भरपाई. खनिजावरचं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, राज्याच्या तिजोरीत जाते. धातूसाठी जाणाऱ्या बॉक्साईटवर २०१४ मध्ये ठरलेला दर असा आहे : दगडात जेवढं अ‍ॅल्युमिनियम असेल, त्याच्या लंडन धातू बाजारातल्या किमतीच्या ०.६० टक्के. गुळाचा भाव कोल्हापूरच्या सौद्यात निघतो, तसा आपल्या सड्याचा भाव लंडनला निघतो.

हिशेबापुरता टनाला २,५०० डॉलर दर आणि ८५ रुपयांचा डॉलर धरू. एक टन धातूचे झाले २ लाख १२ हजार ५०० रुपये. त्याच्यावर रॉयल्टी १,२७५ रुपये. चार-पाच टन डोंगर गेला, त्याचे सरकारला एवढे. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, त्यात खाणवाल्यानं रॉयल्टीच्या जोडीला वेगळी रक्कम भरायची असते. १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा भाडेपट्टा असेल तर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावानं दिलेला असेल तर १० टक्के. म्हणजे वरच्या हिशेबात सुमारे ३८२ रुपये किंवा १२७ रुपये. लिलावाच्या पट्ट्यावर जादा प्रीमियम असतो, पण तोही राज्याला. खाणबाधित गावांचा थेट हक्क आहे तो या प्रतिष्ठानच्या पैशावर, आणि निम्म्याहून जास्त निधी पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवरच खर्चायचा असा दंडक आहे.

याच्या शेजारी ऊस ठेवून बघा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. तोड-वाहतूक त्यातून जाते ते वेगळं. टनातून निघते सव्वाशे किलोच्या आत साखर. तिच्या किमतीतला मोठा वाटा ऊसवाल्याचा, आणि तो मिळवायला आपण किती मोर्चे काढले, किती रस्ते अडवले! बॉक्साईटच्या बाबतीत तो वाटा शंभराला साठ पैसे आहे, आणि तोही डोंगराखालच्या माणसाच्या हाती नाही.

कोणी म्हणेल, ऊस घाम गाळून पिकवावा लागतो, दगड आयता पडलेला. खरं आहे. खर्च सोड्याचा आहे, विजेचा आहे, हे मी वर सांगितलंच. कच्चा दगड स्वस्त राहणारच. खाणीवर चार पोरं कामाला लागतात, ट्रकचे हप्ते फिटतात, तेही खोटं नाही. पण उसाला खोडवा येतो, बॉक्साईटला येत नाही. एकदा काढला की सडा संपला. आणि सड्याचं काम फक्त दगड सांभाळायचं नाही. वरचा जांभा सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पितो. खाली चिकण थर किंवा कातळ लागला की ते पाणी कडेनं झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. आपल्या वाड्यांच्या नळपाणी योजना किती ठिकाणी अशा झऱ्यांवर आहेत, ते ग्रामपंचायतीलाच विचारा. वरची टोपी काढताना झऱ्याचं काय होणार, ही किंमत लंडनच्या भावात धरलेली नाही.

बेळगावकडच्या लाल मळीचंही तेच. एक टन अ‍ॅल्युमिन्यामागं टन-दीड टन मळी उरते आणि तिचा सामू ११ ते १३ असतो. आपली चोपण जमीन ९ ला गेली की आपण डोक्याला हात लावतो. हंगेरीत आयकाजवळ ४ ऑक्टोबर २०१० ला अशा मळीच्या तळ्याचा बांध फुटला, १० माणसं गेली, कोलोन्तार आणि देव्हेचेर या गावांतली घरं-शेतं लाल झाली. नदीत त्यांनी जिप्समच्या गाड्या ओतल्या, तेच जिप्सम जे आपण चोपण रानाला टाकतो. झारखंडमध्ये मुरीला ९ एप्रिल २०१९ ला तळं ढासळलं. ही मळी आपल्या गावात येत नाही हे नशीब, पण धातूच्या हिशेबात ती धरायला हवी.

गावाच्या हातात काय आहे? ओडिशात नियमगिरी डोंगराचं प्रकरण गाजलं. बॉक्साईट खाणीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला ग्रामसभांवर सोपवला आणि त्या साली जुलै-ऑगस्टमध्ये १२ च्या १२ ग्रामसभांनी नकार दिला. खाण झाली नाही. तो अनुसूचित भाग होता, पेसा कायदा आपल्याकडच्या या तालुक्यांना लागू नाही. त्यामुळं "नियमगिरीसारखं करू" असं भाषणात म्हणणं सोपं आहे. पण वनहक्क कायदा वनजमिनीवर आपल्याकडंही लागू आहे. सामूहिक हक्काचे दावे किती गावांनी दाखल केले? जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस आणि पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मिळाला पाहिजे, तो किती जणांनी मागून वाचला? बहुतेक ठिकाणी सुनावणीच्या दिवशी ओरडा होतो आणि इतिवृत्तात एक ओळ येते.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला. त्यात नव्या खाणींना बंदी आणि अंतिम अधिसूचनेनंतर ५ वर्षांत किंवा पट्टा संपेल तेव्हा, जे आधी असेल तेव्हा, चालू खाणी बंद करायचं म्हटलं आहे. शेतीवर बंदी नाही. तरी "झोन आला की नांगर पण धरू देणार नाहीत" असं गावात पसरवलं जातं. विरोध करायचा तर करा, पण मसुदा वाचून करा.

हे सगळं घेऊन मी पुन्हा त्या गावात गेलो. आजोबांना रॉयल्टीचा हिशेब सांगितला. साठ पैशांवर त्यांनी नुसती मान हलवली. झऱ्याचं बोललो तेव्हा मात्र ते म्हणाले, "पाणी कमी झालंय म्हणून आम्ही वरडतो, तर साहेब लोक इचारत्यात, पुरावा काय?"

मग आम्ही झऱ्यावर गेलो. सरपंच, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), शाळेची दोन पोरं आणि एक १५ लिटरची बादली. मोबाईलवर वेळ लावली. बादली ४० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर. दर महिन्याच्या एक तारखेला पोरांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं ठरलं. पहिल्या नोंदीवर तारीख, वेळ आणि पाच सह्या घेऊन ग्रामसेवकांनी ती त्याच दिवशी प्रोसिडिंग बुकात चिकटवली.